शेवटचं कडवं कुणाचं?

गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिसिसिपीकाठचे कापसाचे मळे येतात. आपण जे काही वाचलं-पाहिलं ते इंग्रजीतून, त्यामुळे दुसरं काही येणं कठीणच. जहाजांच्या नोंदी मात्र वेगळं सांगतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली आणि त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास अटलांटिकपलीकडे जिवंत उतरली. आज ज्याला आपण अमेरिका म्हणतो त्या देशात थेट उतरवलेली माणसं चार लाखांहून कमी. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास. क्यूबासारख्या एका बेटावर साडेसात लाखांहून जास्त. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्याच वर्षी प्वेर्तो रिकोतली गुलामगिरी कायद्याने संपली, पण क्यूबात ती १८८६पर्यंत आणि ब्राझीलमध्ये १८८८पर्यंत चालूच होती.

आता कुणी ‘लॅटिना’, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाची, कवयित्री म्हटलं, तर मनात कोणता चेहरा येतो? गव्हाळ, काळेभोर सरळ केस, थोडा स्पॅनिश, थोडा मूळनिवासी. ४८ लाख आणि साडेसात लाखांच्या पणत्या-खापरपणत्या त्या चित्रात नसतात. हे आपलं अज्ञान म्हणावं तर खुद्द लॅटिन अमेरिकेनेही शंभर वर्षं हेच चित्र जगाला दाखवलं. मेक्सिकोच्या होसे वास्कोन्सेलोसने १९२५ साली ‘वैश्विक वंश’ या नावाने एक सिद्धान्त मांडला: आमच्याकडे सगळी रक्तं मिसळतात, त्यातून एक नवा, सगळ्यांना सामावून घेणारा वंश तयार होतो आहे. या मिश्रणाला तिथे मेस्तिसाहे म्हणतात. ऐकायला किती उदार! उत्तरेकडच्या अमेरिकेत काळ्यांसाठी वेगळे नळ आणि वेगळे डबे होते तेव्हा दक्षिणेकडचे देश छाती पुढे काढून म्हणत होते, आमच्यात वंशभेद नाहीच, आम्ही सगळेच मिश्र. आणि त्याच देशांतल्या घराघरांत मुलीला सांगितलं जायचं, जरा उजळ नवरा बघ, वंश सुधार. लग्नाच्या जाहिरातींतलं ‘गोरी’ वाचत मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

माझं म्हणणं असं आहे. काळ्या लॅटिना कवयित्रींना शिवी देणाऱ्याशी लढावं लागलंच, पण शिवी निदान ओळखता येते. अधिक अवघड होती ती या मिठीशी झालेली लढाई, ‘तूही आमचीच, आता वेगळं काय सांगायचंय?’ असं म्हणणाऱ्या राष्ट्राशी. ही लढाई कुठे जिंकली गेली आणि कुठे हरली गेली, हे पाहायचं असेल तर कवितेचं शेवटचं कडवं वाचावं. देश आपला हक्क बहुधा तिथेच सांगतो.

सुरुवात पुरुषांपासून करावी लागते, कारण १९३०च्या दशकात कॅरिबियन कवितेत ‘काळेपण’ आणलं ते त्यांनी. क्यूबाच्या निकोलास गियेनने १९३० साली हवानातल्या काळ्या वस्त्यांची बोली थेट कवितेत आणली, आणि तो स्वतः आफ्रिकी-स्पॅनिश मिश्र वंशाचा होता. प्वेर्तो रिकोचा लुईस पालेस मातोस मात्र गोरा. १९३७ साली त्याचा संग्रह आला. नादमाधुर्यात तो अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण त्यातली काळी बाई म्हणजे ढोल, घाम आणि डोलणारे नितंब. ती रस्त्यातून चालत जाते, बेट तिच्याकडे बघतं, कवी बघणाऱ्यांचं वर्णन करतो. ती स्वतः काही बोलत नाही. ज्यांना हा गौरव वाटतो त्यांनी आपल्याकडच्या लावणीवरच्या शहरी लेखनाची आठवण काढावी. कौतुक भरपूर, पण बाईला तोंड नाही.

पुढच्याच वर्षी, १९३८ साली, त्याच बेटावर हुलिया दे बुर्गोस या चोवीस वर्षांच्या मुलीचा पहिला संग्रह आला. त्यात कुरळ्या केसांच्या काळ्या मुलीची एक कविता आहे. ती आपले केस, जाड ओठ, चपटं नाक स्वतःच्या तोंडाने मोजून सांगते, रडत आणि हसत. मग आजोबांचा विषय निघतो. ती म्हणते, माझा आजोबा गुलाम होता, मालकाने त्याच्यासाठी तीस नाणी मोजली, याचं मला दुःख आहे. पण तो मालक असता, तर मला लाज वाटली असती. दुःख कुणी वाहायचं आणि लाज कुणी, याची वाटणी इतक्या थोड्या ओळींत क्वचितच कुणी केली असेल. त्या तीस नाण्यांत येशूला विकणारा जुडासही येऊन बसतो, तो वेगळाच.

पण शेवट बघा. शेवटच्या ओळींत तीच मुलगी सांगते की माझा काळा वंश धावत सुटला आहे, गोऱ्यात मिसळून गव्हाळ व्हायला, उद्याच्या अमेरिकेचा बंधुभाव व्हायला. मालकाला लाजेचं धनी करणारी कविता अखेर मालकाच्या स्वप्नात विरघळते. हुलियाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. १९३८मध्ये प्रगत विचारांच्या माणसाला बंधुभावाचं दुसरं रूप सुचणंही अवघड होतं, आणि ती स्वतः बेटाच्या स्वातंत्र्यासाठी राबणारी कार्यकर्ती होती. १९५३ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ती कोसळली, ओळख न पटल्याने बेवारस म्हणून पुरली गेली, नंतर मैत्रांनी शोधून तिला मायदेशी नेलं. आज तिच्या नावाने शाळा आहेत, टपाल तिकीट आहे. तरीही कविता वाचताना शेवटच्या चार ओळींपाशी मी दर वेळी थबकतो.

सदतीस वर्षांनी, १९७५ साली, क्यूबाच्या नान्सी मोरेहोनने ‘काळी स्त्री’ ही कविता लिहिली. या विषयावरची ही बहुधा सर्वांत जास्त भाषांतरित झालेली कविता, आणि तिची कीर्ती रास्त आहे. एकच ‘मी’ चार शतकं चालत येते. समुद्र ओलांडायला लावलेली, मालकाच्या कोटावर कशिदा काढणारी, त्याचं मूल पोटात वाढवणारी, ज्या मुलाला नाव मिळालं नाही अशी आई. कडव्यांच्या मधे सुट्या ओळीत एकेक क्रियापद येतं: मी बंड केलं, मी चालले, मी उठाव केला, मी रानात गेले. आफ्रिकेबद्दल ती काय म्हणते, ते महत्त्वाचं. हरवलेला किनारा, पूर्वजांची भाषा मी विसरलेही नसेन, पण मला इथे आणलं, मी इथे जगले, आणि जनावरासारखी राबले म्हणून इथेच पुन्हा जन्मले. वारशाची हाक म्हणजे परतीचं तिकीट, असा आपला समज असतो. मोरेहोनच्या कवितेत आफ्रिका हा मालकीहक्काचा पुरावा आहे. या जमिनीत माझा घाम आहे, तेव्हा जमीन माझी. कुळकायद्याच्या महाराष्ट्रात हा युक्तिवाद कुणालाही कळेल.

आणि मग शेवट. डोंगरातून उतरून ती सावकारांचा, बूर्ज्वांचा नायनाट करते, सारं काही सगळ्यांचं होतं, आणि साम्यवादासाठी लावलेल्या झाडाचं लाकूड घुमू लागतं. चारशे वर्षं एकटीने चाललेली ‘मी’ इथे ‘आम्ही’मध्ये जाते, आणि हा ‘आम्ही’ सरकारी आहे. फिदेल कास्त्रोच्या क्रांतीने क्यूबातल्या काळ्यांना शाळा दिल्या, दवाखाने दिले, गोऱ्यांसाठी राखलेले समुद्रकिनारे खुले केले. हे खरंच आहे आणि मोरेहोनच्या पिढीने ते अनुभवलं. पण त्याच क्रांतीने साठच्या दशकात वंशभेद संपल्याचं जाहीर करून टाकलं, काळ्यांच्या जुन्या संस्था बंद केल्या आणि त्यावर बोलणं म्हणजे फूट पाडणं ठरवलं. मोरेहोनचे पहिले दोन संग्रह काढणारं ‘एल पुएन्ते’ हे तरुणांचं प्रकाशनही १९६५मध्ये बंद पाडलं गेलं. हे माहीत असताना ते घुमणारं लाकूड मला नीट ऐकू येत नाही. तिचीच दुसरी एक कविता मला जास्त प्रामाणिक वाटते. तिच्यात गुलाम बाई सुरुवातीला मालकावरचं प्रेम सांगते, त्याच्या विस्तवासाठी लाकडं गोळा करते, त्याच्या पायांना बारीक पूड चोळते, आणि अखेरीस स्वतःला पाहते ती हातात सुरी घेऊन त्याला निरपराध जनावरासारखं सोलताना. तिथे शेवट कुणाच्या घोषणेला दिलेला नाही.

कुणी म्हणेल, कवितेला असं शेवटावरून जोखणं अन्यायाचं आहे. कदाचित असेल. पण मग पेरूच्या विक्टोरिया सांता क्रूसकडे बघा. १९२२ साली लिमात जन्मलेली, नाटक, नृत्य, संगीत सगळ्यांत वावरलेली ही बाई. तिची ‘मला काळी म्हणून ओरडले’ ही कविता वाचायची नसून ऐकायची आहे; १९७८च्या चित्रीकरणात ती स्वतः ती सादर करताना दिसते. टाळ्या, ढोलाचा ठेका, मागे कोरस. पाच-सात वर्षांची पोर रस्त्यातून जाते आणि लोक ओरडतात, काळी! हे काळी म्हणजे काय, तिला ठाऊक नाही. मग ती मागे सरते, केस सरळ करते, तोंडाला पावडर फासते, वर्षं जातात, तो शब्द मात्र आतून घणासारखा वाजत राहतो. आणि एका क्षणी ती थांबते आणि विचारते, मग? तिथून कवितेची चालच बदलते. आता ती स्वतः म्हणते, हो, काळी. कोरस तोच, शब्द तोच. जाता जाता ती त्या सभ्य लोकांनाही चिमटा काढते जे आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ‘रंगाची माणसं’ असं काहीतरी म्हणतात. (म्हणूनच या लेखात मी ‘कृष्णवर्णीय’ हा पेपरातला शब्द टाळला आहे.) शेवटी ती कुठल्याही बंधुभावात मिसळत नाही, कुठल्या झाडाच्या सावलीत जात नाही. एवढंच म्हणते की आता किल्ली माझ्याकडे आहे.

तिच्या देशाने काय केलं? पेरूच्या जनगणनेत १९४०नंतर वंशाचा प्रश्नच विचारला गेला नाही. २००९मध्ये सरकारने आफ्रिकी वंशाच्या पेरूवासीयांची अधिकृत माफी मागितली, पण ते किती आहेत हे सरकारलाच माहीत नव्हतं. २०१७मध्ये ‘तुम्ही स्वतःला कोण समजता’ असा प्रश्न आला तेव्हा ८ लाख २८ हजारांहून जास्त लोकांनी आफ्रिकी वारसा नोंदवला, साधारण ३.६ टक्के. मेक्सिकोने तर २०१९मध्ये घटनेत दुरुस्ती करून आफ्रिकी-मेक्सिकन समाजाचं अस्तित्व मान्य केलं आणि २०२०च्या जनगणनेत २५ लाखांवर माणसं पुढे आली. वास्कोन्सेलोसच्या वैश्विक वंशात ती आधीही होतीच की. फक्त मोजली गेली नव्हती.

या सगळ्यावर एक आक्षेप लॅटिन अमेरिकेतल्या डाव्या आणि उजव्या दोघांकडूनही येतो: हे अमेरिकी खूळ आहे. न्यूयॉर्कच्या विद्यापीठांतला काळा-गोरा चष्मा आमच्या मिश्र समाजावर लादू नका, आमचा खरा प्रश्न गरिबीचा. गरिबीबद्दल मी वाद घालणार नाही. मोरेहोनची बाईसुद्धा सर्वांत आधी राबणारी बाई आहे. पण चष्मा आयात केला म्हणणाऱ्यांनी सालं बघावीत. हुलियाची कविता १९३८ची. उरुग्वेच्या विर्हिनिया ब्रिंदिस दे सालासचा संग्रह, ज्यात माँटेव्हिडिओच्या रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारी मारिमोरेना येते, १९४६चा. अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतला माँटगोमेरीचा बसबहिष्कार १९५५चा. काय कुठून आयात झालं असेल?

आणि आता गंमत अशी की खुद्द अमेरिकेतच हा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला आहे. तिथल्या जनगणनेत आजवर दोन वेगळे प्रश्न असत: तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, आहात का, आणि तुमचा वंश कोणता. मार्च २०२४मध्ये सरकारने नियम बदलले. यापुढे एकच प्रश्न, एकच यादी, तिच्यात काळा, गोरा, आशियाई यांच्या ओळीत ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ हाही एक पर्याय. एकाहून जास्त चौकटींवर खूण करता येते, असं समर्थक सांगतात, आणि ते खरं आहे. तरी तिथल्या काळ्या लॅटिनो संघटनांचा विरोध मला पटतो. लॅटिनो हा वंश म्हणून काळ्याच्या शेजारी उभा केला की वाचणाऱ्याच्या मनात ती दोन वेगळी माणसं होतात. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या २०२०च्या पाहणीत तिथल्या साठ लाखांच्या आसपास प्रौढांनी स्वतःला आफ्रो-लॅटिनो म्हटलं. त्यांना रोज हाच अनुभव येतो. काळ्यांच्यात गेलं की स्पॅनिश बोलणारी, स्पॅनिश बोलणाऱ्यांत गेलं की काळी. दोन प्रश्न ठेवले तर ती एकाच वेळी दोन्ही आहे हे कागदावर राहतं. २०२७च्या जनगणनेत जात विचारली जाणार म्हणून आपल्याकडेही ‘मोजल्याने भेद वाढतो’ हा सूर लागला आहे. न मोजल्याने तो कमी होत नाही, याची साक्ष पेरू देईल.

याच अमेरिकेत डोमिनिकन कुटुंबातली, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली एलिझाबेथ असेवेदो मंचावर उभी राहून केसांवरची कविता म्हणते. आई सांगते, केस नीट कर. तिला म्हणायचं असतं, सरळ कर. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये १९३७ साली हुकूमशहा त्रुहियोच्या हुकमावरून शेजारच्या हैतीची हजारो माणसं कापली गेली. काळेपण म्हणजे शेजारचा शत्रू, असं ज्या देशाने शिकवलं, तिथल्या आईला आपल्या मुलीचे केस का बोचतात, हे त्यावरून समजतं. कविता चांगली आहे. पण तिच्यानंतर तिच्यासारख्या शेकडो आल्या, आणि आता एक साचा तयार झाला आहे: केस, आजी, भाताचं पातेलं, ढोल, आणि शेवटी ‘मला अभिमान आहे’. टाळ्या हमखास पडतात. ज्या शेवटावर पूर्वी राष्ट्राचा हक्क होता तो आता श्रोत्यांच्या शिट्ट्यांनी बळकावला आहे. कोस्टा रिकाच्या शर्ली कॅम्पबेल बारने १९९४मध्ये आपला आवाज, आपलं रक्त, आपली कातडी नाकारायला ठाम नकार दिला, तेव्हा त्या नकाराला धार होती. तिच्या देशात लिमोनच्या रेल्वेमार्गासाठी आणि केळीच्या मळ्यांसाठी आणलेल्या जमैकन मजुरांच्या पोरांना १९४९पर्यंत धड नागरिकत्वही मिळालेलं नव्हतं. तो नकार आता टी-शर्टांवर शोभावा इतका परिचित झाला, यात तिचा दोष नाही. पण नव्या मुलींनी तो तसाच उचलू नये.

मराठीशी या सगळ्याचा संबंध एका ठिकाणी खराच येतो. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचं नाव घेऊन. आमच्या दलित साहित्याच्या चर्चेत निग्रो साहित्याचे दाखले पन्नास वर्षं दिले जात आहेत. पण ती खिडकी इंग्रजी होती, म्हणून तिच्यातून दिसले ते बहुतेक अमेरिकेतले पुरुष. आणि मला वाटतं, आपली परिस्थिती अमेरिकेपेक्षा ब्राझील-क्यूबाशी जास्त जुळते. आपल्याकडेही वेगळे नळ कायद्याने गेलेत आणि ‘आता कुठे राहिलीय जात?’ हा प्रेमळ प्रश्न मागे राहिला आहे. ब्राझीलच्या कोन्सेसाँव एव्हारिस्तोच्या एका कवितेत पणजीचा आवाज जहाजाच्या तळघरात घुमतो, आजीचा आवाज मालकांपुढे होकार भरतो, आईचा परक्यांच्या स्वयंपाकघरांत मळक्या कपड्यांच्या गाठोड्याखाली बंड कुजबुजतो, कवयित्रीचा रक्त आणि भुकेची यमकं जुळवतो, आणि मुलीच्या आवाजात ते सगळे गोळा होतात. एव्हारिस्तोने तरुणपणी स्वतः घरकाम केलेलं. २०१८मध्ये ती ब्राझीलच्या साहित्य अकादमीच्या निवडणुकीला उभी राहिली. मागे वाचकांची मोठी मोहीम होती. मत पडलं एक.

स्पॅनिश शिकलेली मराठी मुलं आता पुण्या-मुंबईत बरीच आहेत. त्यांतल्या कुणी थेट मराठीत अनुवाद करायचं मनावर घेतलं, तर माझी शिफारस वर कुठेच न आलेल्या एका बाईची असेल. हेओर्हिना एरेरा, क्यूबातल्या होवेयानोस गावची, १९३६चा जन्म, हवानात मोलकरीण म्हणून राबली, मग रेडिओसाठी लिहीत राहिली, २०२१मध्ये गेली. मोरेहोनइतकं नाव तिला कधी मिळालं नाही. नायजेरियातल्या इफे इथे उत्खननात सापडलेल्या मातीच्या एका शिरावर तिची कविता आहे, आणि शीर्षक आहे ‘पहिल्यांदाच आरशासमोर’. दुसरी आहे ती पूर्वीच्या म्हाताऱ्या काळ्या बायकांवर. योरुबा लोकांत स्तुतिगीताला ओरिकी म्हणतात, तसं हे गीत. मयताच्या रात्री, झोपायच्या वेळी त्या म्हाताऱ्या कानावर आलेलं सगळं गाण्यासारखं सांगत बसायच्या. आज ज्यांनी त्यांच्या जागी बसायचं त्या आम्ही मात्र उलट बोलणाऱ्या निघालो, असं एरेरा म्हणते. आम्ही ऐकलं नाही, तत्त्वज्ञानाचे वर्ग केले, विश्वास ठेवला नाही. क्रांतीने दिलेलं शिक्षण आणि त्या शिक्षणाने तोडलेला धागा, दोन्ही एकाच कवितेत, आणि दोष स्वतःच्या पिढीवर घेतलेला. वारसा रक्तातून आपोआप येतो हे केसांच्या आणि ढोलाच्या कविता गृहीत धरतात. एरेराला तो ऐकून घ्यावा लागतो हे माहीत होतं, आणि आपण ऐकला नाही हेही. अनुवाद करणाऱ्याने फक्त एक पथ्य पाळावं: त्या म्हाताऱ्यांना गोड करू नये.